मोगलीच्या कथा

मोगलीच्या कथा हा इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिलेल्या आठ कल्पितकथांचा समूह आहे. त्यांपैकी तीन कथा 'द जंगल बुक' (१८९४) या संग्रहात आणि पाच कथा 'द सेकंड जंगल बुक' (१८९५) या संग्रहात आल्या आहेत. लांडग्यांच्या कळपात वाढलेला माणसाचा मुलगा मोगली हा त्यांचा नायक आहे. कथा सुट्या असल्या, तरी मोगलीच्या बाळपणापासून सतराव्या वर्षापर्यंतचा प्रवास त्यांत सलगपणे येत असल्याने त्या कादंबरीप्रमाणे वाचता येतात. मोठेपणी वनरक्षक झालेला मोगली 'इन द रुख' (१८९३) या कथेत भेटतो. ती आधी प्रसिद्ध झाली असली, तरी तिचा घाट निराळा असल्याने ती सहसा या समूहात धरली जात नाही.

स्थळ

या कथा सातपुड्यातील सिवनीच्या टेकड्यांत व वैनगंगेच्या खोऱ्यात घडतात. सिवनी आज मध्य प्रदेशात असले, तरी लेखनकाळी सिवनी आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडत होते. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून पुढे भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते. देवळी तालुक्यातील पुलगावाजवळून जाणारी वर्धा नदी अखेरीस तिलाच मिळते व दोघींच्या संगमातून प्राणहिता होते. त्यामुळे विदर्भातील वाचकाला मोगलीचे रान परके नाही. साग, मोह, पळस, उन्हाळ्यात आटणारी नदी आणि पाणवठ्यावर एकत्र येणारी जनावरे हे सारे त्याच्या परिचयाचेच आहे.

किपलिंग स्वतः सिवनीला गेले नव्हते. या कथा त्यांनी प्रामुख्याने अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, बर्फाळ प्रदेशात राहून लिहिल्या. सिवनी परिसरातील शिकारी जीवनावर आर. ए. स्टर्नडेल यांनी १८७७ मध्ये लिहिलेले पुस्तक आणि लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांविषयी कर्नल स्लीमन यांनी अवध प्रांतातून नोंदवलेल्या हकिकती हे त्यांचे आधार होते.

पात्रांची बहुतेक नावे हिंदुस्थानी भाषेतून घेतली आहेत. अकेला, बल्लू (भालू), बघीरा, हाथी, शेरखान व चील (घार) यांचा अर्थ मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. इंग्रजी वाचकाला जी नावे अद्भुत वाटतात, ती आपल्याला घरची वाटतात. 'मोगली' हा शब्द मात्र किपलिंग यांनी स्वतः घडवला असून कथेत त्याचा अर्थ 'बेडूक' असा दिला आहे. अंगावर केस नसलेले ते बाळ पाहून लांडगीण त्याला हे नाव देते.

कथानक

शेरखान या लंगड्या वाघाच्या तावडीतून निसटलेले एक बाळ लांडग्यांच्या गुहेत शिरते. लांडगीण रक्षा त्याला आपल्या पिलांबरोबर दूध पाजते आणि दाराशी आलेल्या वाघाला परतवून लावते. पण आईच्या मायेने प्रश्न सुटत नाही. पौर्णिमेच्या रात्री सभाशिळेवर कळपाची मान्यता मिळावी लागते. पिलाविषयी वाद झाल्यास आईबापांखेरीज दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे, असा रानाचा कायदा आहे. पहिला बोलतो बल्लू हा अस्वल-गुरुजी. दुसरे कोणी पुढे येत नाही. तेव्हा सभेत बोलण्याचा हक्क नसलेला काळा बिबट बघीरा नुकत्याच मारलेल्या एका बैलाच्या मोबदल्यात बाळाचा जीव विकत घेतो.

पुढे कळपनायक अकेला म्हातारा होतो. शेरखानाने फितवलेले तरुण लांडगे मोगलीवर उलटतात. गावातून आणलेल्या विस्तवाच्या बळावर तो शेरखानाला हुसकावतो आणि रान सोडतो. गावात मेसुआ नावाची स्त्री वाघाने नेलेला आपला मुलगा समजून त्याला घरात घेते. म्हशी राखताना, अकेला व लांडगेभावाच्या मदतीने, तो शेरखानाला घळीत कोंडून म्हशींच्या कळपाखाली तुडवतो. पण गावकरी त्याला चेटक्या ठरवून दगड मारतात. कळपाने माणूस म्हणून टाकलेला मुलगा गावाने लांडगा म्हणून टाकला, ही या कथांची मध्यवर्ती वेदना आहे. वाघाचे कातडे सभाशिळेवर अंथरून तो एकट्याने शिकार करण्याचे ठरवतो, तेव्हा चार लांडगेभाऊ त्याच्याबरोबर निघतात.

दख्खनकडून आलेल्या रानकुत्र्यांच्या टोळीशी झालेल्या लढाईत (आक्रमक आपल्याच बाजूचे, याचे येथील वाचकाला हसू यावे) अकेला मरतो. अखेरच्या कथेत सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा मोगली माणसांत परततो. त्या वेळी बघीरा पुन्हा एक बैल मारून येतो आणि आता सारी देणी फिटली असे सांगतो. एका बैलाने झालेला प्रवेश दुसऱ्या बैलाने मोकळा होतो.

आशय

मानलेली नाती मराठी समाजाला नवी नाहीत. मानलेला भाऊ, मानसकन्या हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. मोगलीच्या कथांचे वेगळेपण असे, की तेथे आपलेपणा केवळ ममतेवर उभा नाही. कोणीतरी सर्वांसमक्ष उठून बोलावे लागते, किंमत मोजावी लागते, आणि दिलेली मान्यता कळप काढूनही घेऊ शकतो. ज्यांनी शब्द दिला ते मात्र तो शेवटपर्यंत पाळतात.

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. आया व नोकरांच्या सहवासात वाढलेल्या या मुलाला सहावे वर्ष पुरे होण्याआधीच, १८७१ मध्ये, धाकट्या बहिणीसह इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. तेथील छळाची सुमारे साडेपाच वर्षे त्यांनी आत्मचरित्रात वर्णिली आहेत. दोन घरांत वाढून कोणत्याच घरचा न राहिलेला मोगली या अनुभवाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतो.

या कथांवर वसाहतवादी दृष्टीचा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. गावकरी येथे बहुधा भोळसट किंवा क्रूर आहेत. मेसुआ व तिच्या नवऱ्याला न्याय मिळण्याची आशा दिसते ती कान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे. मोगलीने हत्तींकरवी ते गाव उद्ध्वस्त करणे हा प्रसंगही सहज पचणारा नाही.

प्रभाव

बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांसाठी सुरू केलेल्या कब पथकांची मांडणी या कथांवर बेतली. महाराष्ट्रातील अनेक शाळांतील मुलांना अकेला व बल्लू ही नावे पुस्तकाआधी कब पथकातूनच कळली.

वॉल्ट डिस्ने कंपनीचा ॲनिमेशनपट (१९६७) सर्वाधिक गाजला. त्यातील वानरराजा लुई मूळ पुस्तकात नाही. तो ओरांगउटान असून तो प्राणी भारतात आढळतही नाही. अजगर का हा पुस्तकात मोगलीचा मित्र आहे, चित्रपटात मात्र खलपात्र झाला. १९८९ ची जपानी चित्रमालिका दूरदर्शनवर हिंदीत दाखवली गेली. तिचे शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, तर शेरखानाचा आवाज नाना पाटेकर यांचा होता. नील गेमन यांची 'द ग्रेव्हयार्ड बुक' (२००८) ही कादंबरी याच साच्यावर उभी आहे. तीत अनाथ बाळाला रानातील जनावरांऐवजी दफनभूमीतील भुते वाढवतात.