गिरणीतील स्त्रिया आणि कर्करोगाचे औषध

उद्यमबागेत आमच्या शेजारी राहणारे एक स्नेही मूळचे निपाणीचे. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला आणि गालात चिमूट धरण्याची सवयही तिथलीच. पुढे गालाचा कर्करोग झाला, तो शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घेण्यास सांगितल्या. रक्त वाढावे म्हणून घरच्यांनी मायेने फॉलिक ॲसिडचे टॉनिक आणले, तर डॉक्टरांनी ते बाजूला ठेवायला लावले. रक्त वाढवणारे जीवनसत्त्व आणि रोग आवरणारे औषध यांच्यात वैर का असावे? याचा माग काढताना आम्ही थेट मुंबईत परळला जाऊन पोहोचलो.

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून कापडगिरण्यांतील गर्भवती स्त्रियांच्या जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. निकृष्ट आहार हे त्याचे मूळ आणि यीस्टचा अर्क हा त्यावरचा उतारा, असे त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केले. अर्कातील ते गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढल्यावर त्याला हे नाव मिळाले. त्याच वर्षी परळलाच टाटा स्मारक रुग्णालय उघडले, हा निव्वळ योगायोग होय.

पेशी दुभंगताना नवे डीएनए घडवावे लागते आणि त्याची सामग्री जुळवण्यास फॉलिक ॲसिड लागते. गाठीच्या पेशी तर अखंड दुभंगत असतात. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक ॲसिडसदृश द्रव्ये दिली, तेव्हा रोग उलट बळावल्यासारखा दिसला. मग त्यांनी विरोधी द्रव्य मागवले. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या प्रयोगशाळेत घडलेले ॲमिनोप्टेरिन हे ते द्रव्य. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात १६ पैकी १० मुलांना उतार पडला होता. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. ते फॉलिक ॲसिडसारखे दिसते, विकराच्या जागी जाऊन अडकते आणि पेशीची रसद तोडते.

मात्र फार्बर यांच्या मुलांचा उतार काही महिन्यांतच ओसरला. गाठ मुकाट्याने उपाशी राहत नाही. वाचलेल्या पेशी तेच विकर अधिक प्रमाणात बनवतात, नाहीतर औषध आत येण्याची वाटच बंद करतात. औषध गाठीचे चयापचय बदलते आणि बदललेले चयापचय औषधाला बोथट करते. शिवाय तोंडाचे अस्तर व अस्थिमज्जा यांनाही हीच रसद लागते. तोंड येते, रक्त उतरते, ते त्यामुळेच.

२०२० साली परळच्या त्याच टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या असाध्य कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने, तर शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने आले. दीड महिन्याचे अंतर कोणाला क्षुल्लक वाटेल. आम्हांला वाटत नाही. गोळी घरी बसून घेता येते, हीदेखील लहान गोष्ट नव्हे.

आमच्या स्नेह्यांना पुढे नऊ महिने लाभले. त्यांतील बहुतेक दिवस ते ओसरीवर, नातवंडांत होते. टॉनिकची बाटली अखेरपर्यंत फळीवर न फोडताच राहिली.