लाल डब्याचा दुसरा जन्म

लाल डबा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती एसटी. आज मात्र वेगळ्याच लाल डब्याबद्दल लिहितोय. हा डबा पाटाएवढा लांबरुंद, तीनेक बोटं उंच. पुढच्या बाजूला जाळ्याच्या वायरी खुपसायला सहा भोकं आणि दोन ओळींचा एक छोटासा पडदा. नाव फायरबॉक्स. बनवणारी कंपनी अमेरिकेतल्या सिएटलची, वॉचगार्ड, १९९६ साली सुरू झालेली.

या डब्याचं काम म्हणजे फायरवॉल. नातेवाईक मंडळींसाठी सांगतो, फायरवॉल म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. बाहेरच्या इंटरनेटवरून कोण आत येतंय, आतून कोण बाहेर जातंय हे तो बघतो, वहीत नोंद करतो आणि संशय आला तर गेटवरच अडवतो. कंपन्या असे डबे हजारो डॉलर मोजून घेतात, पाच-सात वर्षं वापरतात आणि मग एक दिवस उत्पादकाचं पत्र येतं : या मॉडेलची मुदत संपली, यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. झालं. दुसऱ्या दिवसापासून तोच डबा भंगार. लोखंड तेच, पंखा तसाच फिरतोय, पण वॉचमन निवृत्त!

अशा निवृत्त डब्यांना घरी आणून पुन्हा कामाला लावणारी एक जमात आहे. ही मंडळी आपल्या घरातल्या मांडणीला ‘होम लॅब’ म्हणतात. माळ्यावर, कपाटात, जिन्याखाली दोन-चार जुने राउटर, स्विच, फायरवॉल एकमेकांना जोडून ठेवायचे आणि त्यावर शिकायचं. गाणाऱ्याला रियाजाची खोली लागते, तसंच हे. ऑफिसातल्या चालत्या जाळ्यावर प्रयोग करायला कुणी देत नाही, आणि द्यायलाही नको. घरचा डबा बिघडला तर फार तर घरच्यांची बोलणी खावी लागतात :-)

माझ्याकडेही असा एक लाल डबा आहे, त्यामुळे ‘हे भंगार कशाला आणलंस?’ हा प्रश्न ओळखीचा आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

सुरुवात १९९४ पासून करू. इंटरनेटचे पत्ते कमी पडणार अशी चिन्हं दिसू लागली होती. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अख्खं ऑफिस बसवायची युक्ती त्या काळात पुढे आली. जॉन मेयस आणि ब्रँटली कॉइल या दोघांनी नेटवर्क ट्रान्सलेशन नावाच्या छोट्या कंपनीत त्यासाठी एक पेटी तयार केली, तिचं नाव पिक्स. ऑफिसातल्या टेलिफोनच्या एक्स्चेंजसारखीच ही कल्पना : बाहेर एक नंबर, आत पन्नास एक्स्टेन्शन. १९९५ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली आणि पुढची बरीच वर्षं पिक्स हे फायरवॉलचं एक भारदस्त नाव होऊन बसलं.

आता गंमत बघा. या भारदस्त पेटीच्या आत काय होतं? इंटेलचा प्रोसेसर आणि साध्या पीसीसारखा मदरबोर्ड. पिक्स ५२० मॉडेलला तर समोर चक्क फ्लॉपी ड्राइव्ह होता! हे कळल्यावर काही उद्योगी लोकांनी उलटा प्रवास केला. बाजारातले पीसीचे सुटे भाग घेतले, पिक्सचं जुनं फ्लॅश कार्ड मिळवून त्यात बसवलं आणि घरच्या घरी पिक्स उभा केला. त्याला ते गमतीने ‘फ्रँकनपिक्स’ म्हणत, फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारखा, सुटे अवयव जोडून केलेला.

थोडक्यात, ज्याला आपण खास उपकरण समजतो तो पुष्कळदा साधा संगणकच असतो, वरून झाकण आणि नाव तेवढं वेगळं. मग ते हजारो डॉलर कशाचे? सॉफ्टवेअरचे, त्यामागे राबणाऱ्या माणसांचे आणि रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या मदतकक्षाचे. हे सगळं खोटं नाही. पण मुदत संपते ती याचीच. लोखंडाची नव्हे.

लाल डब्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. २००४ च्या सुमाराला वॉचगार्डने फायरबॉक्स एक्स ही मालिका काढली. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत इंटेलचा सेलेरॉन प्रोसेसर आणि डिस्कच्या जागी कॅमेऱ्यात असायचं तसलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड होतं. धाकट्या मॉडेलवरून थोरल्यावर जायचं असेल तर नवीन डबा घ्यायची गरज नसे. परवान्याची किल्ली, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक ओळ, विकत घ्यायची, की तोच डबा जोरात पळू लागे! पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याने पैसे भरून स्वतःच्याच घरातली कुलूपबंद खोली उघडून घ्यावी, तसा हा प्रकार.

याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये वेगळंच काही घडत होतं. मॅन्युएल कॅस्पर नावाच्या तरुणाने फेब्रुवारी २००३ मध्ये मोनोवॉल नावाचं फायरवॉलचं सॉफ्टवेअर फुकट देऊन टाकलं. खाली फ्रीबीएसडी ही मोकळी प्रणाली, वर ब्राउझरमधून सगळं चालवता येईल असं सुटसुटीत रूप, आणि सगळी मांडणी एकाच फाइलमध्ये. अख्खं प्रकरण इतकं आटोपशीर की काही एमबीच्या कार्डात मावायचं. २००४ मध्ये ख्रिस ब्यूकलर आणि स्कॉट उलरिच यांनी त्याचीच एक फांदी वेगळी लावली, पीएफसेन्स. मोनोवॉल छोट्या डब्यांसाठी, पीएफसेन्स जरा दांडग्या यंत्रांसाठी. २००६ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

इकडे ऑफिसांतून लाल डबे निवृत्त होत होते, तिकडे हे सॉफ्टवेअर वयात येत होतं. दोघांची गाठ पडायचीच राहिली होती. ती जुळवली हौशी लोकांनी. कृती थोडक्यात अशी : झाकणाचे स्क्रू काढा, कार्ड बाहेर घ्या, त्यापेक्षा मोठं कार्ड आणून त्यावर पीएफसेन्स उतरवा, परत बसवा. डब्याला मॉनिटर जोडायची सोय नाही, म्हणून सीरिअल पोर्टला केबल लावून लॅपटॉपवर अक्षरं उमटताना बघायची. पहिल्यांदा त्या काळ्या पडद्यावर सहाच्या सहा पोर्ट ओळीने दिसले तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगणं अवघड आहे. पुढच्या छोट्या पडद्यालाही कुणी तरी चालक सॉफ्टवेअर लिहिलं. पंखे शांत कसे करायचे, प्रोसेसर कोणता बदलता येतो, स्मृती किती वाढवता येते... एकाने शोधायचं आणि सगळ्यांसाठी लिहून ठेवायचं. कुणी कुणाला एक पैसा मागितला नाही.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे लिहून ठेवणं. डबा कुणीही उघडेल. पण आपण काय केलं, ते पुढच्याच्या उपयोगी पडेल असं टिपून ठेवणं वेगळं. आपल्याकडे जुन्या वहीत लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवणाऱ्या आज्या होत्या, त्यांच्याच कुळातली ही माणसं.

पण दुसऱ्या जन्मालाही मरण असतंच. मोनोवॉल सुरू झालं त्याच्या बरोबर बारा वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०१५ ला, कॅस्परने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. जाताना त्याने लोकांना वाऱ्यावर सोडलं नाही. नेदरलँड्समधून त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या ओपीएनसेन्सकडे बोट दाखवलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये पीएफसेन्सची २.४ आवृत्ती आली आणि तिने ३२-बिट प्रोसेसरांना रामराम केला. जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर चालल्या, २०१८ च्या ऑक्टोबरात त्याही संपल्या. जुने लाल डबे दुसऱ्यांदा निवृत्त झाले. ओपनबीएसडी किंवा नेटबीएसडी त्यावर आजही चढवता येतं, पण त्यासाठी थोडी जास्त खटपट करायची तयारी हवी.

दुरुस्त्या न मिळणारं यंत्र जाळ्यात तसंच सोडलं तर काय होतं? जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने जाहीर केलं की चीनच्या सरकारी हॅकरांनी शेकडो छोटे राउटर काबीज करून त्यांच्या आडून हल्ले केले होते, आणि त्यांतले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे, मुदत संपलेले होते. मालकांना पत्ताही नव्हता. वॉचमनच चोराला सामील, तोही नकळत! म्हणून जुना डबा घरी आणणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा : याच्या सॉफ्टवेअरची काळजी आज कोण घेतंय? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर शिकण्यापुरता ठेवावा, घराच्या गेटवर उभा करू नये.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या डब्याबरोबर जुन्या मालकाची गुपितंही येतात. स्लोव्हाकियातल्या ईसेट या कंपनीच्या संशोधकांनी वापरलेले १८ राउटर विकत घेऊन तपासले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. अर्ध्याहून अधिक यंत्रांत आधीच्या कंपनीची माहिती जशीच्या तशी होती : पासवर्ड, किल्ल्या, ग्राहकांच्या जाळ्यांचे पत्ते. घर विकताना कपाट रिकामं करावं एवढी साधी गोष्ट, पण ती राहून जाते. ज्याच्या हाती असं काही लागेल त्याने ते न वाचता पुसावं, हा या छंदाचा अलिखित धर्म असायला हवा.

आणि विजेचं काय? डबा सतत चाळीस वॅट खात असेल तर वर्षाला साधारण ३५० युनिट होतात. नवीन छोटं यंत्र त्याच्या पाव विजेत तेच काम करतं. म्हणजे ‘जुनं वापरलं की पर्यावरण वाचलं’ हा हिशेबही दर वेळी जमत नाही. शिकताना चालू, शिकून झालं की बंद, हे उत्तम.

मग माझा मुद्दा काय? मुद्दा किल्लीचा आहे. अलीकडच्या बऱ्याच उपकरणांत अशी सोय असते की उत्पादकाची डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होतं, दुसरं काही चढवायला गेलात तर यंत्र ढिम्म. यामागचं कारण पोकळ नाही. अमेरिकेची गुप्तहेर संस्था एनएसए वाटेतच पार्सल फोडून राउटरमध्ये छुपी सोय बसवत होती, हे २०१४ मध्ये स्नोडेनच्या कागदपत्रांतून जगासमोर आलं. कुलूप हवंच. पण मुदत संपल्यावर ते कुलूप कुणाचं रक्षण करतं? उत्पादक निघून गेला, मालकाने टाकून दिलं, आणि उघडायची परवानगी कुणालाच नाही. चांगला धडधाकट संगणक थेट भट्टीत.

याहून बरं उदाहरण इतिहासात आहे. कोबाल्ट नावाच्या कंपनीने १९९८ मध्ये क्यूब नावाचा निळाशार ठोकळा काढला होता, छोट्या ऑफिसांचा सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० साली सुमारे दोन अब्ज डॉलरना ती कंपनी घेतली आणि तीनच वर्षांत मालिका गुंडाळली. पण गुंडाळताना सनने त्याचं सॉफ्टवेअर मोकळं केलं. जपानमधल्या वापरणाऱ्यांनी ते हाती घेतलं, ब्लूक्वार्ट्झ या नावाने पुढे नेलं. विकत घेणाऱ्याला तोटा झाला असेल, पण ज्यांच्या घरी ते निळे ठोकळे होते त्यांना वारसा मिळाला.

बिऱ्हाड हलवताना भाडेकरू किल्ली मालकाला देऊन जातो. उत्पादकांनीही एवढं करावं. दुरुस्त्या थांबवायच्या त्या दिवशी कुलूप काढायचा मार्ग ज्याच्या हाती यंत्र आहे त्याला द्यावा. सगळे डबे काही पुन्हा जगणार नाहीत. पण एखाद्या गावातल्या, महागडी उपकरणं कधीच हाती न येणाऱ्या मुलाला तीनेकशे रुपयांच्या भंगारात आख्खी शाळा सापडू शकते, आणि ती शाळा बंद करायचं काहीच कारण नाही.

असो. तुमच्या माळ्यावर असं काही धूळ खात पडलं असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. आणि काही जमलं तर लिहून ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.