परिचारिकांच्या हस्तलिखित वह्या : नांदेड-लातूर भागांतील कालनिर्णयाविषयीं कांहीं सूचना

जुनीं दप्तरें धुंडाळणारांस सनदा-महजरांचें मोल सांगावें लागत नाहीं. इस्पितळांतील परिचारिकेची वही मात्र सहज रद्दींत जाते. हें नुकसान किती मोठें आहे याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें आपल्या 1859 सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंतच सांगून टाकलें आहे कीं, हा परिचर्या शिकविणारा पाठ्यग्रंथ नव्हे. वाचणारीनें स्वतःच स्वतःस शिकवावें, येथें केवळ कांहीं इशारे दिले आहेत. अशा शिक्षणाचा पुरावा शिकणारीच्या हस्ताक्षरांतच सांपडावयाचा. पुण्यांत 1909 सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें निघालेल्या सेवासदनासारख्या संस्थेच्या अहवालांवरून वर्गांची हकीकत कळेल. पण रात्रपाळीनंतर एखादीनें कंदिलाशीं काय वाचलें, तें अहवालांत येत नाहीं.

मराठवाड्यापुरती एक सावधगिरी अवश्य आहे. मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा 1935 सालीं झाला. नांदेड व लातूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो तेथें लागू नव्हता. तेव्हां मुंबईच्या नोंदवहींत नांव नाहीं, एवढ्यावरून ती बाई अशिक्षित ठरवूं नये. वहीवर फसली सन असल्यास मृगसाल धरून चालणारे फसतील. निजामी कचेऱ्यांत विसाव्या शतकांत वर्ष आजूर महिन्यानें, म्हणजे ऑक्टोबरांत सुरू होई. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत 590 व पुढें 591 मिळवावे. फसली 1357 चा आजूर हा 1947 चा ऑक्टोबर होय. तसेंच ‘लातूर, जिल्हा उस्मानाबाद’ ही लेखकाची चूक नव्हे. लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजीं वेगळा झाला.

खरी अडचण, आणि खरें धनही, निरनिराळ्या शाईंत आहे. मूळ ओळींत औषधाची मात्रा ग्रेनमध्यें, व शेजारीं मागाहून मिलिग्रॅममध्यें (एक ग्रेन म्हणजे सुमारें 65 मिलिग्रॅम) असेल, तर दुसरी नोंद बहुधा 1958 नंतरची, कारण दशमान वजनें त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून अमलांत येऊं लागलीं. पेनिसिलीनचें नांव आलें तर ती ओळ 1940 नंतरच्या दशकाच्या मागें नेतां येत नाहीं. केवळ तारीख शोधणारा अशा भरीला दोष देईल. आम्हांस ती भरच मुख्य वाटते: नोकरींत असतां, कोणी परीक्षा घेत नसतां, त्या बाईनें जुनें ज्ञान खोडून नवें लिहिलें, याचा दुसरा साक्षीदार नाहीं.

इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें 1994 सालीं सेवेंतील परिचारिकांसाठीं दूरशिक्षणाचा पदवीक्रम काढला. पुढें भारतीय परिचर्या परिषदेनें नोंदणीच्या नूतनीकरणास पांच वर्षांत 150 तासांच्या शिक्षणाची जोड दिली. या काळाचीं प्रमाणपत्रें टिकतील. वह्यांची शाश्वती नाहीं.

अशी वही मिळाल्यास शिवण उसवूं नये, खाडाखोड पुसून ‘शुद्ध’ नक्कल करूं नये, व आंत रुग्णांचीं नांवें असल्यास तीं छापूं नयेत.