फायरवॉलवरचा आळ

रत्नागिरीत बारावी झाली की मित्रांची पांगापांग ठरलेली. कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, कोणी इथंच गोगटे-जोगळेकर कॉलेजला. खेळायला मात्र सगळ्यांना एकत्रच बसायचं असतं. मग नाचण्यातल्या नाहीतर मारुती मंदिराजवळच्या एखाद्या घरात कोणीतरी आपल्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू करतो, पत्ता पाठवतो, आणि पुण्याहून निरोप येतो, ‘अरे, टाइम्ड आउट दाखवतंय.’ यजमानाचं निदान तयारच असतं: फायरवॉल आडवी येतेय.

निम्म्या वेळा हा आळ खोटा असतो. घरच्या इंटरनेटचं दार बाहेरच्यांना बंद राहतं ते दोन निरनिराळ्या कुळांमुळे. एकाचा जन्म भीतीतून झाला, दुसऱ्याचा टंचाईतून. नाव मात्र पहिल्याचंच खराब झालं.

भीतीचं कूळ आधी. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं स्वतःच्या नकला काढत पसरणारा एक प्रोग्राम नेटवर्कवर सोडला. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे साठ हजार यंत्रं होती. त्यातली सहाएक हजार बाधित झाली, असा अंदाज पुढे कायम सांगितला गेला. तोवर हे जाळं म्हणजे विद्यापीठं आणि प्रयोगशाळांचा घरगुती मामला, कोण कोणाला अडवणार? त्यानंतर मात्र अडवण्याचं शास्त्रच उभं राहिलं. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत जेफ मोगल यांनी माहितीचं येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट नियमांवर तपासून सोडण्याची पद्धत १९८९ मध्ये मांडली. बेल लॅब्समध्ये बिल चेस्विक यांनी कंपनीच्या वेशीवरच्या यंत्राची रचना १९९० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी आणि स्टीव्ह बेलोविन यांनी मिळून लिहिलेलं फायरवॉलवरचं पुस्तक १९९४ मध्ये आलं.

त्याच वर्षी इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीनं बाजारात आणलेल्या फायरवॉलला स्मरणशक्ती होती. आतून कोणी बाहेर हाक मारली तर ती लक्षात ठेवायची, तिच्या उत्तराला वाट द्यायची, आणि न बोलावता आलेल्याला परत पाठवायचं. आपल्या खेळाडूची अडचण नेमकी इथं आहे. यूट्यूब चालतं, व्हॉट्सॲप चालतं, दुसऱ्याच्या सर्व्हरवर खेळताही येतं, कारण हाक आतून जाते. स्वतः यजमान झालं की पाहुणा बाहेरून येतो, आणि तो न बोलावता आलेल्यांत मोजला जातो.

घरातल्या कॉम्प्युटरवर ही शिस्त उशिरा आली. २००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद ठेवलेली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला. पडद्यावर एक मिनिटाची उलटी मोजणी आणि मग मशीन आपोआप बंद, हा त्याचा खाक्या. वर्षभरानं, ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून, विंडोजची फायरवॉल न सांगता चालू राहू लागली.

आता टंचाईचं कूळ. इंटरनेटचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदीच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी उपाय सुचवला: अनेक यंत्रांनी मिळून मोजकेच खरे पत्ते वापरायचे, आत आपापले खासगी पत्ते ठेवायचे, आणि वेशीवरच्या यंत्रानं अदलाबदल करायची. हेच नॅट. ही तात्पुरती सोय आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी पत्त्यांची वाटणी पक्की झाली, १९२.१६८ नं सुरू होणारे आकडे त्यातलेच. त्यामुळे नाचण्यातल्या घराचा आणि पुण्यातल्या मित्राच्या खोलीचा आतला पत्ता अक्षरशः एकच असू शकतो. मुलानं मित्राला १९२.१६८.१.५ असा पत्ता पाठवला असेल, तर मित्र आपल्याच घरात दार शोधत बसणार.

दोन कुळांतला फरक कोकणी माणसाला सांगणं सोपं आहे. वाडीभोवती गडगा घालणाऱ्याला कोणाला अडवायचंय ते ठाऊक असतं. तसं फायरवॉलला असतं. नॅटला कोणालाच अडवायचं नसतं. बाहेरून आलेलं पॅकेट घरातल्या कोणत्या यंत्राला द्यायचं, तेच त्याला कळत नाही, म्हणून ते टाकून देतं.

खेळांनी हा सगळा बदल सोसला. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला डूम ऑफिसच्या, कॉलेजच्या नेटवर्कवर खेळला जाई. तिथं ना नॅट ना राउटर. १९९६ चा क्वेक थेट इंटरनेटवर खेळता येऊ लागला. भारतात व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. डायल-अपच्या त्या काळात वेग रडत-रखडत होता, पण नंबर लागला की सहसा कॉम्प्युटरला खरा पत्ता थेट मिळे. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, हळूहळू घराघरांत मोडेम-राउटरची डबी आली, आणि त्या एका डबीत ही दोन्ही कुळं एकत्र नांदू लागली.

म्हणून दारही दोनदा उघडावं लागतं. राउटरच्या पानावर जाऊन ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या नावाखाली नॅटला सांगायचं की २५५६५ या पोर्ट क्रमांकावर येणारं टीसीपीचं पॅकेट अमुक कॉम्प्युटरला दे. (माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा हा ठरलेला क्रमांक, बेडरॉकचा १९१३२, आणि तो यूडीपी.) मग विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्याच क्रमांकाला आत येण्याची परवानगी द्यायची. इथं एक खोच आहे. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा विंडोज परवानगी विचारतं आणि घाईत ‘कॅन्सल’ दाबलं जातं. त्यानं प्रश्न टळत नाही. विंडोज जावाच्या नावावर मनाईचा नियम लिहून मोकळं होतं. पुढे परवानगीचे कितीही नियम जोडले तरी मनाई वरचढ ठरते. ती आधी शोधून काढून टाकायची.

पडद्यावरचे शब्दही वाचावेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा पॅकेट कॉम्प्युटरपर्यंत पोचलं, पण तिथं सर्व्हर चालू नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे ते वाटेतच कोणीतरी मुकाट्यानं टाकून दिलं.

एवढं करूनही दार उघडलं नाही, तर दोष बहुधा घरात नाहीच. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे पत्ते वाटले गेले, आणि एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचेही जवळपास संपले. मग इंटरनेट कंपन्यांनी आपल्याच पातळीवर दुसरं नॅट बसवलं. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते वेगळे काढले गेले. राउटरच्या पानावर ‘वॅन’, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर घरातल्या राउटरवर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. बाहेरचा राउटर कंपनीचा आहे. तिच्याकडे स्वतंत्र पत्ता मागा, नाहीतर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरा. तिथं पत्त्यांची टंचाईच नसल्यानं नॅट लागत नाही. फायरवॉल मात्र राहते, आणि ती राहायलाच हवी.

कारण भीती खोटी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकातली चूक उघडकीला आली, तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण ती घरोघरच्या यजमानांनी स्वतःच बसवायची होती. तेव्हा ‘फायरवॉल बंद कर, सगळं चालेल’ असा सल्ला देणाऱ्या मित्राचं ऐकू नका. एकच क्रमांक उघडा, व्हाइटलिस्टमध्ये मित्रांचीच नावं घाला, सर्व्हरची आवृत्ती ताजी ठेवा, आणि खेळणं थांबलं की राउटरवरचा तो नियम काढून टाका.