फाईल, सर्टिफिकेट आणि भिडेवाडा

परवा पुतण्या नगरहून आला होता. त्याला गिटारच्या तारा हव्या होत्या आणि मला अप्पा बळवंत चौकात एक जुनं पुस्तक शोधायचं होतं. म्हणून दोघंही बुधवार पेठेत गेलो. तारा मिळाल्या. पुस्तक नाही मिळालं. असो.

पुतण्या बावीस वर्षांचा आहे. गावाकडच्या मंडळीत तरुण संघ चालवतो. रविवारी उपासना संपली की पंधरा-वीस पोरं-पोरी जमतात. महिन्यापूर्वी एका संस्थेने त्याला तीन दिवसांच्या 'युवा नेतृत्व प्रशिक्षणा'ला बोलावलं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. जेवण उत्तम होतं म्हणे. एक फाईल मिळाली, एक पेन, शेवटी सर्टिफिकेट. पडद्यावर परदेशातली पोरं तंबू ठोकून शेकोटीभोवती गाताना दाखवली आणि वीकएंडला तरुणांसाठी काय काय करता येतं ते शिकवलं.

"काका, आमच्या संघातली निम्मी पोरं दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांचा कसला वीकएंड?"

"मग तिथे विचारायचं ना."

"सगळं आधीच ठरलेलं होतं हो. खरं सांगू? मी संघ सोडतोय. आपल्याला हे जमणारं नाही, एवढंच तिथे कळलं."

हे ऐकलं तेव्हा आम्ही नेमके दगडूशेठ गणपतीसमोर उभे होतो, जिथे भिडेवाडा होता तिथे. डिसेंबर २०२३ मध्ये तो वाडा पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी. पुतण्याला म्हटलं, थांब, ही जागा बघून घे. तुझ्या प्रश्नाचा एक धागा इथून जातो.

जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि १८४८ साली इथे, बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. वय अवघं एकवीस. सावित्रीबाईंनी फॅरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचे धडे घेतले असं चरित्रकार सांगतात. म्हणजे मिशनऱ्यांनी शिकवलं खरं, पण जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःची वाट काढली आणि पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज उभा केला. मिशनच्या हिशेबाच्या वहीत असा विद्यार्थी कुठल्या रकान्यात लिहायचा? मला वाटतं, ते शिक्षण फुकट गेलं नाही. शिकलेला माणूस स्वतःच्या डोक्याने चालायला लागला.

आता आमच्या नगरची गोष्ट. अमेरिकन मिशन तिथे १८३१ साली आलं. पहिली बरीच वर्षं अनेक उपदेशक, शिक्षक देशी, पण पाळक मात्र गोरा. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास बोस्टनहून मिशनचे मुख्य चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचं म्हणणं होतं की देशी मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, कारभार आपण करावा आणि प्रसारही आपणच करावा. परदेशी माणसाने पाया घालून पुढे निघून जावं. लंडनचे हेन्री व्हेन त्याच काळात असंच मांडत होते. ऐकायला किती छान!

पण गंमत बघा. देशी माणसांना देशी भाषेतच शिकवावं, या विचाराने अँडरसनच्या दौऱ्यानंतर मिशनच्या इंग्रजी शाळा बंद केल्या. मराठीवर प्रेम म्हणून मला हे आवडायला हवं. पण तेव्हा सरकारी नोकरी मिळायची ती इंग्रजीवर, आणि हे तरुणांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना काय हवं ते त्यांना कुणी विचारलं नाही. तुम्ही स्वावलंबी व्हा, हा हुकूम बोस्टनहून आला! पुतण्याची फाईल आणि हा हुकूम यांत मला फार अंतर दिसत नाही.

अर्थात नगरकर हुकमाची वाट बघत बसणारे नव्हतेच. १८६० च्या दशकात तिथल्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन हाती घेतलं. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, कथा मात्र येशूची. कृष्णराव सांगळ्यांसारख्या कवींनी त्यासाठी पदं रचली. हे कुठल्या सेमिनरीच्या अभ्यासक्रमातून आलं नव्हतं, ते गावाच्या पारावरून आलं होतं.

मग आले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, नंतर नगर. तिथल्या सेमिनरीत ते शिकवत. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळली. त्यांची भजनं आपल्या 'उपासना संगीता'त आहेत, ती लहानपणी न म्हटलेला नगरकर ख्रिस्ती मला दाखवा. १९१७ साली या माणसाने मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण पगार सोडण्याची ती कृती मला त्यांच्या कवितांइतकीच मोठी वाटते.

हे फक्त आपल्याकडेच चाललं होतं असंही नाही. १९१० मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनांची परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधी, त्यांत आशियातले वीससुद्धा नव्हते. तिथे तमिळनाडूचे व्ही. एस. अझरैया उभे राहिले. वायएमसीएमध्ये तरुणांत काम करून तयार झालेला हा माणूस, वय पस्तीस. त्यांनी तोंडावर सांगितलं की मिशनऱ्यांनी त्याग पुष्कळ केला, पण देशी सहकाऱ्यांशी मैत्री केली नाही. अनेकांना ते झोंबलं. दोन वर्षांनी तेच अझरैया दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. १९१६ मध्ये के. टी. पॉल वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. म्हणजे माणसं तयार होती. खुर्ची रिकामी व्हायला वेळ लागला.

आमचे आजोबा यातल्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. ते नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनचे मास्तर होते. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी शब्बाथ शाळा आणि उपदेश. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेचा पैसा आटला आणि त्यांची शाळा बंद पडली. आजी सांगायची, पगार थांबला त्या रविवारीही ते कंदील घेऊन भजनाला गेले. लोकांनी ज्वारी आणून दिली. त्या दिवसापासून ते मिशनचे राहिले नाहीत, गावाचे झाले.

हे सगळं मी पुतण्याला एका दमात सांगितलं नाही, घाबरू नका. थोडं रस्त्यात, थोडं चहावर. पैसा आणि शिक्षण बाहेरून येऊच नये, असं माझं म्हणणं नाही. फॅरार बाई बाहेरच्याच होत्या, आणि त्या नसत्या तर काय झालं असतं कोण जाणे. पण शिकवणाऱ्याने आधी विचारावं, आणि शिकलेल्याने एक दिवस आपला सूर लावला तर रागावू नये.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे फाईल फेकून देऊ?"

म्हटलं, "कोरी पानं बरीच आहेत तिच्यात. पोरं केव्हा भेटू शकतात ते त्यांना विचार आणि त्यावर लिही."

काल त्याचा फोन आला. संघ अजून सोडलेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांतली एक मुलगी म्हणाली, आम्ही तिथे फडावर कोपीसमोर रात्री भजन म्हणू, पण पेटी कोण शिकवणार? तो आता तिला पेटी शिकवतोय. स्वतःला गिटार येते, पेटी अर्धवटच. त्यामुळे दोघं एकदमच शिकतायत.

तुमच्या घरात असे कुणी मास्तर, कुणी बायबल स्त्री होऊन गेल्या असतील तर त्यांच्याबद्दल लिहून ठेवा. नगरकर नातेवाइकांनी तर नक्कीच. आजोबांचा तो कंदील कुणाकडे आहे, तेही कळवा.