छप्पर उकलणारे चौघे : अर्धशिशीच्या इतिहासातील एक प्रकरण

काही दुखण्यांना समाजात मान असतो, तर काहींच्या वाट्याला केवळ उपेक्षा येते. पाय मोडलेल्या माणसाला पाहताच आपण खुर्ची पुढे करतो. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी सारे घर जागते. परंतु ज्या दुखण्याचा व्रण दिसत नाही, ज्याची सूज येत नाही आणि जे एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते, ते घरच्या माणसांनाही खरे वाटत नाही. अर्धशिशी हे असे दुखणे आहे. आज तिला सर्वत्र मायग्रेन म्हणतात. कपाळावर उगाळलेल्या सुंठीचा लेप, डोक्याला करकचून बांधलेले फडके, दारे-खिडक्या लावून घेतलेली खोली आणि 'आज आईला त्रास देऊ नका' अशी मुलांना दिलेली ताकीद, हे चित्र आमच्या वाचकांपैकी अनेकांनी आपापल्या घरी पाहिले असेल. या दुखण्याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत, तो केवळ वैद्यकीय माहिती म्हणून नव्हे. ज्यांना वेदनेमुळे ओरडताही येत नाही त्यांच्यासाठी कोणी तोंड उघडले आणि त्या वेळी आपण कोठे होतो, हे पाहणे हा आमचा हेतू आहे.

हे दुखणे मानवजातीइतकेच जुने असावे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले असून त्यांत 'अर्धावभेदक' हा एक आहे. मस्तकाच्या अर्ध्या भागात भेदून टाकणारी वेदना, आणि ती पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उद्भवणारी, असे त्याचे वर्णन आहे. ग्रीक वैद्य अरेटियस याने प्रकाशाला भिऊन अंधार शोधणाऱ्या रुग्णांचे चित्र रेखाटले. त्याच परंपरेतील गॅलन या वैद्याने वापरलेला 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धे मस्तक, हा शब्द लॅटिन व फ्रेंच भाषांतून झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. 'अर्धशिशी' या आपल्या शब्दाचा अर्थही तोच. हजारो मैल दूर असलेल्या दोन संस्कृतींनी एकाच वेदनेला एकाच अर्थाचे नाव द्यावे, हे लक्षणीय आहे. रोग ओळखला गेला नव्हता असे म्हणायला इतिहासात जागा नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या दुखण्याची खूण सापडते. संत हिल्डेगार्ड हिचा जन्म १०९८ साली जर्मनीत झाला. बेनेडिक्टाईन मठवासिनी, लेखिका, संगीतरचनाकार आणि वनौषधींची जाणकार अशी ही असामान्य स्त्री वारंवार आजाराने अंथरुणाला खिळत असे. रोग व उपचार यांवरील तिच्या ग्रंथात अर्धशिशीचा विचार आहे. ही वेदना अर्ध्याच डोक्यात का असते, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे : ही वेदना इतकी प्रखर असते, की तिने संपूर्ण मस्तक व्यापले तर माणसाला ती सोसवणारच नाही. ज्याने हे दुखणे भोगले आहे किंवा भोगणाऱ्याच्या उशाशी जो बसला आहे, त्यालाच असे लिहिता येईल.

वैद्यकाचे इतिहासकार चार्ल्स सिंगर यांनी १९१७ साली असे मत मांडले, की हिल्डेगार्डच्या दिव्यदर्शनांतील लखलखणारे तारे व तेजोवलये ही अर्धशिशीच्या पूर्वलक्षणांशी जुळतात. पुढे ऑलिव्हर सॅक्स यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात त्या मताला दुजोरा दिला. आठशे वर्षांनंतर केलेले निदान आम्ही सिद्ध मानत नाही. आणि ते खरे असले तरी त्यामुळे तिच्या दर्शनाचे मोल कमी होते असेही आम्हांला वाटत नाही. परमेश्वर मातीच्याच भांड्यातून पाणी पाजतो. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१२ साली हिल्डेगार्डला 'ख्रिस्तसभेची आचार्या' हा किताब बहाल केला. संत तेरेजा ऑफ आविला ही दुसरी आचार्या. तिने १५७७ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहायला घेतला, तेव्हा डोक्यातील अखंड आवाज आणि अशक्तपणा यांनी ती हैराण झाली होती, हे तिने स्वतःच नमूद केले आहे. डोकेदुखीने पीडलेले भाविक आजही तिची मध्यस्थी मागतात.

मग एवढ्या जुन्या आणि एवढ्या परिचित रोगाकडे संशोधनाचे लक्ष का गेले नाही? १८७३ साली एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज वैद्याने अर्धशिशीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे मज्जासंस्थेत उठणारे वादळ आहे असे प्रतिपादन केले. तरीही पुढची अनेक दशके हा रोग नाजूक प्रकृतीच्या, हळव्या स्वभावाच्या स्त्रियांचा म्हणूनच गणला गेला. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन ते तीन पटींनी अधिक होतो, हे खरे आहे. पण या वस्तुस्थितीतून कारणांचा शोध घेण्याऐवजी जगाने उपहासाचाच मार्ग पत्करला. शिवाय हा रोग सहसा जीव घेत नाही. मृत्यू मोजता येतो. वाया गेलेले दिवस, न शिजलेले जेवण, बुडालेली मजुरी आणि चुकलेली परीक्षा यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याच्यासाठी तिजोरीही उघडत नाही.

औषधे मिळाली तीही पुष्कळदा अवचित. राय या धान्यावर पडणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीमुळे मध्ययुगात हातपाय जळाल्यासारखे होऊन माणसे मरत. त्या रोगाला 'संत अंतोनीचा अग्नी' म्हणत, आणि मठाधिपती संत अंतोनीच्या नावाने स्थापन झालेला बंधुसंघ त्या रुग्णांची शुश्रूषा करी. त्याच विषारी बुरशीतून १९१८ साली आर्थर स्टोल यांनी स्वित्झर्लंडमध्ये अर्गोटामीन हे द्रव्य वेगळे काढले आणि ते पुढे अर्धशिशीवर वापरले जाऊ लागले. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयविकाराचे औषध. ते अर्धशिशीचे झटके कमी करते हे १९६६ च्या सुमारास एका हृदयरुग्णाच्या अनुभवावरून ध्यानी आले.

या इतिहासाला वळण दिले ते रुग्णांनी. १९५८ साली इंग्लंडमध्ये ब्रिटिश मायग्रेन असोसिएशन ही रुग्णांची संघटना स्थापन झाली. १९६५ साली संशोधनाला पाठबळ देण्यासाठी मायग्रेन ट्रस्ट ही संस्था निघाली. राजकन्या मार्गारेट यांना स्वतःला हा त्रास होता; लंडनमधील एका मायग्रेन चिकित्सालयाला त्यांचे नाव देण्यात आले. राजवाड्यातील वेदना झोपडीतील वेदनेहून वेगळी नसते. पण राजवाड्यातील वेदनेची बातमी होते, आणि त्या बातमीचा लाभ झोपडीलाही होऊ शकतो. पुढे या दोन्ही संस्था २०१८ साली एकत्र आल्या. अमेरिकेत २००७ साली डॉ. रॉबर्ट शॅपिरो यांच्या पुढाकाराने डोकेदुखीच्या रुग्णांची बाजू मांडणारी आघाडी उभी राहिली. दरवर्षी डॉक्टर आणि रुग्ण मिळून लोकप्रतिनिधींच्या दारी जातात आणि रोगाच्या भाराच्या मानाने संशोधनाला मिळणारा सरकारी निधी किती तुटपुंजा आहे, हे त्यांच्यापुढे मांडतात. २०१८ पासून तेथील माजी सैनिकांसाठी डोकेदुखीची विशेष केंद्रे सुरू झाली, ती याच जागृतीच्या काळात.

संशोधनाला पैसा आणि चिकाटी लाभली तर काय घडते, हेही याच काळाने दाखवले. १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान हे खास अर्धशिशीसाठी घडवलेले औषध बाजारात आले. १९८२ साली शरीरातील 'सीजीआरपी' या द्रव्याचा शोध लागला होता. अर्धशिशीचा झटका चालू असताना मस्तकाकडून परतणाऱ्या रक्तात ते वाढलेले असते, असे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. या द्रव्याचे कार्य रोखून झटके टाळणारे पहिले इंजेक्शन अमेरिकेत २०१८ साली संमत झाले. रक्तातील त्या खुणेपासून औषधापर्यंतचा प्रवास अठ्ठावीस वर्षांचा! २०२१ साली या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना डेन्मार्कचे 'ब्रेन प्राईझ' मिळाले. ज्याला लोक 'नखरे' म्हणत होते, त्याचे रेणू आता ओळखीचे झाले आहेत.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या पहिल्या इंजेक्शनची अमेरिकेतील सुरुवातीची किंमत वर्षाला ६,९०० डॉलर होती. शोध लागला, पण तो कोणाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणार?

हा श्रीमंतांचा आणि शहरांचा आजार आहे, अशी समजूत असेल तर ती सोडून दिली पाहिजे. बंगळूर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत २,३२९ प्रौढांची घरोघर जाऊन पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चौघांत एक, असे आढळले. आणि शहरापेक्षा खेड्यात ते अधिक होते. भल्या पहाटे उठून, उपाशीपोटी, डोक्यावर पाटी घेऊन उन्हातान्हात बाजार गाठणाऱ्या बाईला खिडकी लावून निजण्याचीही सोय नसते. २०१६ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार माणसाला अपंगत्वात दिवस काढायला लावणाऱ्या रोगांत अर्धशिशीचा क्रमांक जगात दुसरा आहे; पन्नाशीच्या आतील लोकांत तर पहिला.

आपल्याकडील आरोग्य योजनांचा रोख मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांवर आहे. शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून भागतो, ही मोठीच सोय आहे. पण अर्धशिशीचा रुग्ण क्वचितच रुग्णालयात दाखल होतो. त्याचा खर्च तपासणीचा, रोजच्या गोळीचा आणि बुडालेल्या रोजगाराचा; आणि हा खर्च त्या योजनांत सहसा बसत नाही. वास्तविक प्रोप्रॅनोलॉलसारखी जुनी औषधे स्वस्त आहेत, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुमाट्रिप्टानचाही आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. उणीव आहे ती निदान करणाऱ्याची आणि विश्वास ठेवणाऱ्याची. ती असल्यामुळेच माणसे दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेत राहतात. आणि महिन्यातील दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या घेतल्या की त्या गोळ्यांचीच डोकेदुखी जडते.

ख्रिस्तसभेला या वाटेवर नवखे म्हणवून घेता येणार नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या डॉक्टर धर्मभगिनी मेरी ग्लॉरी १९२० साली भारतात आल्या आणि त्यांनी गुंटूर येथे गोरगरिबांची सेवा केली. त्यांच्याच पुढाकाराने १९४३ मध्ये कॅथोलिक रुग्णालयांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. एकट्या दवाखान्याला जे जमत नाही, ते संघटनेला जमते, ही त्यांची दृष्टी होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन म्हणून घोषित केला. तत्पूर्वी १९८४ साली मानवी दुःखावरील आपल्या प्रेषितीय पत्रात त्यांनी दयाळू शोमरोन्याचा दाखला विस्ताराने उलगडला होता. दुःखाला ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडून अर्थ येतो, हे त्या पत्राचे एक अंग. आणि दुःखिताजवळून पुढे निघून जाण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे दुसरे.

यातील पहिले अंग आम्ही धर्मगुरू फार लवकर शिकलो. दुसरे शिकायला आम्हांला वेळ लागला. अनेक वर्षांपूर्वी घरभेटीच्या वेळी एका अंधाऱ्या खोलीत निजलेली एक माता आम्हांला भेटली. 'फादर, हिचे हे नेहमीचेच,' असे घरचे म्हणाले. आम्ही मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, क्रूस सोसण्याविषयी चार शब्द बोललो आणि बाहेर पडलो. डॉक्टरांना दाखवले काय, औषधाला पैसे आहेत काय, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. प्रार्थना खोटी नव्हती. पण ती अर्धीच होती, त्या दुखण्यासारखी. सोसण्याचा उपदेश करणे सोपे असते, विशेषतः डोके दुसऱ्याचे असले म्हणजे.

मार्ककृत शुभवर्तमानातील कफर्णहूमचा प्रसंग आपण सर्व जाणतो. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले. गर्दीमुळे वाट मिळेना, तेव्हा छप्पर उकलून त्यांनी त्याला प्रभूपुढे उतरवले. तो रुग्ण स्वतः एक शब्दही बोलल्याचे शुभवर्तमानात नाही. प्रभूने श्रद्धा पाहिली ती त्यांची. अर्धशिशीचा रुग्णही झटक्याच्या वेळी बोलू शकत नाही. आवाजाचाच त्याला त्रास होतो. म्हणून त्याच्या वतीने बोलणारे चौघे लागतात. १९५८ पासून ज्यांनी संघटना उभारल्या, निधी मागितला, लोकप्रतिनिधींची दारे ठोठावली, त्यांनी हे छप्पर उकलण्याचेच काम केले.

ते काम आपल्या धर्मग्रामातही होऊ शकेल. येत्या रुग्ण दिनी आपण केवळ वृद्धांना व अंथरुणाला खिळलेल्यांना अभ्यंग देऊन थांबू नये. त्या दिवशी एखाद्या मज्जाविकारतज्ज्ञाला बोलवावे. स्वस्त औषधे कोठे मिळतात याची माहिती द्यावी. अचानक उद्भवणारी तीव्र डोकेदुखी, ताप किंवा हातापायांतील अशक्तपणा यांकडे दुर्लक्ष करू नये, हे सांगावे. आणि बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश आरोग्य योजनांत व्हावा, असे निवेदन सह्यांनिशी आपल्या आमदार-खासदारांना द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीला चमत्काराची आवश्यकता नाही.

आणि घरात एखादी खिडकी भरदिवसा लावलेली दिसली, तर वाचकहो, 'पुन्हा सुरू झाले का?' असे विचारू नका. दार हळूच उघडा, पाण्याचा पेला ठेवा आणि 'उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर,' एवढेच म्हणा. खाटेचा एक कोपरा उचलला गेला, असे समजा. उरलेले तीन कोपरे उचलायला आपण सारे आहोतच.