फुगा, घड्याळ आणि गाडीतला रेडिओ

आज बोलूया थरारपटाच्या पहिल्या तीन-चार मिनिटांबद्दल.

फिल्म शिकणाऱ्या मुलांचे लघुपट पाहिले तर एक सुरुवात पुन्हा पुन्हा भेटते. अंधारी खोली, धावणारे पाय, चमकणारा सुरा, दचकलेला चेहरा, वर ढोलांचा दणदणाट. अर्ध्या मिनिटात वीस कट. आणि तरी पाहणारा शांत बसलेला असतो. असं का होतं, याचं उत्तर संकलनाच्या इतिहासात सापडतं.

सुरुवात करू १९०९ पासून. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी 'द लोनली व्हिला' हा छोटा मूकपट केला. घरात आई आणि मुली, दाराशी दरोडेखोर, आणि बाप दूर कुठेतरी गाडी बंद पडून अडकलेला. ग्रिफिथ या तीन ठिकाणांमध्ये आलटून पालटून कट करतात. अशी युक्ती १९०८ च्या एका फ्रेंच चित्रपटातही होती, पण ग्रिफिथनी ती घोटून घोटून पक्की केली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. भीती दरोडेखोरांच्या तोंडवळ्यात नाही. दार किती वेळ टिकेल आणि बाप कधी पोहोचेल, या दोन प्रश्नांच्या मध्ये ती आहे. प्रश्न कळला नसेल, तर कट कितीही वेगाने मारा, उपयोग नाही.

दहा वर्षांनी हे तंत्र मॉस्कोत पोहोचलं. १९१९ मध्ये तिथे सरकारी चित्रपटशाळा निघाली आणि लेव कुलेशोव तिथे शिकवू लागले. यादवी युद्धाचे दिवस, कच्च्या फिल्मची टंचाई. मग उपलब्ध तुकडेच वेगवेगळ्या क्रमाने जोडून पाहायचे. अभिनेता मोझुखिनचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी लावला की माणूस भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी लावला की दुःखी. कुलेशोवांचे विद्यार्थी पुदोव्हकिन यांनी पुढे हा प्रयोग लिहून ठेवला. अर्थ जोडणीत तयार होतो, हा धडा विद्यार्थ्यांच्या खोलीत, साधनांच्या तुटवड्यात घडला, हे विसरू नका.

आता बर्लिन, १९३१. फ्रिट्झ लँग यांचा 'एम', त्यांचा पहिला बोलपट. एक आई कपडे धुते आहे. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजतात. शाळा सुटायची वेळ. रस्त्यावर छोटी एल्सी चेंडू आपटत चालली आहे. चेंडू ज्या खांबावर आपटतो, त्यावर खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी दहा हजार मार्कांच्या बक्षिसाची जाहिरात आहे. तिच्यावर टोपीवाल्या माणसाची सावली पडते. तो माणूस आंधळ्या विक्रेत्याकडून एल्सीला फुगा घेऊन देतो. इकडे आई ताट मांडते. जिन्यात पावलं वाजतात, पण ती दुसऱ्याच मुलांची. पुन्हा घड्याळ. आई हाका मारू लागते, आणि त्या हाकांवर लँग दाखवतात रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला माळा, न विटाळलेलं ताट. मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, आणि तारांत अडकलेला फुगा.

रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. घड्याळ मात्र पुन्हा पुन्हा आहे. प्रत्येक कट आधीच्या कटमधल्या आशेतून थोडी थोडी काढून घेतो. आणि शॉट घाईने तोडलेले नाहीत. रिकाम्या जागेकडे पाहायला आपल्याला वेळ मिळतो. ती जागा आपणच भरतो, म्हणून भीती आपली होते.

शेवटचं उदाहरण ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ ईव्हिल'चं, १९५८ सालचं. सुरुवातीलाच कुणीतरी बॉम्बचं घड्याळ लावतो आणि बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवतो. मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. गाडी सीमेवरच्या गावातून फिरते, कधी कॅमेऱ्यासमोर, कधी चौकटीबाहेर. शेजारून नायक आणि त्याची बायको चालत आहेत. स्फोट झाल्यावरच पहिला कट. कट कधी द्यायचा नाही, हाही संकलनाचाच निर्णय.

पण स्टुडिओने चित्रपट वेल्सच्या हातातून काढून घेतला. या शॉटवर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनी यांचं पार्श्वसंगीत लावलं. डिसेंबर १९५७ मध्ये वेल्सनी ५८ पानांचं टिपण लिहून बदल सुचवले. बरेचसे तसेच राहिले. १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्च यांनी त्या टिपणाबरहुकूम चित्रपट पुन्हा बांधला. नामावली काढली, पार्श्वसंगीताऐवजी गुत्त्यांमधली आणि गाडीच्या रेडिओवरची गाणी ऐकू येऊ लागली. परिणाम पाहा: गाडी दिसत नसतानाही तिचा रेडिओ जवळ आला, की बॉम्ब जवळ आल्याचं आपल्याला कळतं. चित्रीकरण तेच, ताण वेगळा. वेल्स १९८५ मध्येच गेले. ही आवृत्ती त्यांना पाहता आली नाही.

विद्यार्थ्यांना यातून तीन कामं सांगतो. पहिलं, सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात एक प्रश्न स्पष्ट कळू द्या: कोण यायचं आहे, काय फुटायचं आहे. दुसरं, वेळ मोजणारी एखादी वस्तू किंवा आवाज ठेवा आणि तिच्याकडे परत परत या. तिसरं, पार्श्वसंगीत बंद करून सुरुवात एकदा पाहा. ताण उरला असेल, तर संगीत लावा. नसेल, तर आधी कटांचा क्रम बदला. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत.

पुढच्या भागात आवाजाबद्दल सविस्तर बोलू. तोवर 'एम'ची पहिली काही मिनिटं नक्की पाहा, आणि घड्याळ किती वेळा दिसतं ते मोजा.